दवाखान्यातलं सोल्डरिंग

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिक्षिकेने हातातलं पुस्तक मिटलं. शेजारच्या आजींनी पर्समधून तारा डागून जोडायचं पेनाएवढं सोल्डरिंग आयर्न काढून पॉवर बँकेला जोडलं होतं आणि समोरच्या टेबलावर त्यांच्या पलीकडे बसलेल्या आजोबांचं ऐकण्याचं मशीन उघडून ठेवलं होतं.

“आजी, हे इथे?”

“बॅटरीची तार निघालीय. डॉक्टर म्हणतात, नवीनच घ्या. म्हटलं, आधी मी हात मारून बघते. नात बोलायला लागलीय हो! काय बोलते ते यांच्या कानाशी मलाच ओरडून सांगावं लागतं.”

“पण येतं तुम्हाला?”

“काल नाही आलं. सोल्डर, म्हणजे जोडायचं कथील, नुसतं वितळवून टेकवत होते, तर गोळी होऊन पळायचं. आधी तार तापवायची असते, हे आज कळलं. बघा, कसं बसलं!”

“आजी, धूर कसला तो?” काउंटरवरची मुलगी ओरडली.

“यशाचा!”

आजींनी फुंकर मारली, झाकण लावलं, मशीन आजोबांच्या खिशात ठेवून त्याची वायर कानात बसवली आणि मोबाइलवर नातीचा आवाज लावला.

“अगं, ही तर ‘आजी, आजी’ म्हणतेय! मला महिनाभर सांगतेस, ‘आजोबा’ म्हणते म्हणून!”

“ऐकू आलं ना? मग उठा, घरी चला!”