तुझं तुला पावलं

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण देवाला फसवलं, तर देवानं आपलं काय करावं? — बोला की! देवळात आलं की सगळे कसे शहाण्यासारखे गप्प बसतात. बरं, मग गोष्टच ऐका.

खाडीकाठी शेंडीखार नावाचं गाव. बारा घरं. गावाची भातशेती खाडीपेक्षा खोल — भरतीला पाणी वर आणि शेत खाली! मध्ये काय? मातीचा एक बांध. तो फुटून खारं पाणी आत शिरलं, की तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं पातं उगवत नाही. म्हणून बांध घराघराला वाटून दिलेला. आणि खाडी जिथे वळते, पाणी जिथे सरळ अंगावर येतं, तो तुकडा कुणाला? देवाला! गावचा देव बांधेश्वर. अवघड ते देवाला — आपली जुनीच खोड!

आता देव काही फावडं घेऊन येत नाही. तेव्हा रीत अशी — देवाच्या या वाट्यातही प्रत्येक घराची एकेक काठी लांबी ठरलेली. वैशाखात ज्यानं त्यानं आपापल्या दिवशी जायचं, खेकड्यांनी पाडलेली बिळं चिखलानं ठासून बुजवायची. मग तसेच भरलेले हात घेऊन देवळात यायचं, देवापुढे पंजे धरायचे आणि म्हणायचं — "देवा, तुझं तुला पावलं!" की गुरव हातावर खोबरं ठेवणार. संपलं काम.

त्या साली जोमा म्हात्रेचा दिवस आला. जोमा माणूस वाईट नव्हता हो, तुमच्या-माझ्यासारखाच! घराच्या वाट्याला बिळं फार झालेली. तो दरसालाप्रमाणे मनात म्हणाला, देवाचं देव बघेल, माझं कोण बघणार? दिवसभर स्वतःचा बांध बुजवला. संध्याकाळी तेच हात देवापुढे धरले. "देवा, तुझं तुला पावलं!" खोबरं घेतलं, चघळत घरी आला.

बायको हौशीबाय दारातच उभी. म्हणाली, "भाकरी घेऊन देवाच्या वाट्यावर गेले मी. तुमी नव्हता तितं."

"गप ग! चिकल तो चिकल. देव काय वास घेतो?"

"देवाचं नाय म्हाईत," हौशीबाय म्हणाली, "मना येतो."

मंडळी, हसताय? हसा. आपल्या घरी असं कुणी बोलत नाही, एवढंच!

बिळं दिसत कशी नाहीत, असं कुणी विचारेल. अहो, वर गवत! बुजवलेल्यावरही हिरवं, पोकळावरही हिरवं. माणसाचं आणि बांधाचं एकच — वरून सगळे सज्जन!

आली श्रावणी अमावास्या. भर दुपारची भरती, त्यात वारा, त्यात पाऊस. उधाण असं, की म्हातारी माणसं पाण्याकडे बघायची बंद झाली. शेतात गुडघाभर भात उभं. वर्षाचं अन्न! जोमा आपल्या वाट्यावर उभा. बांध ठणठणीत, एक थेंब आत नाही. वैशाखात मेहनत केली होती ना! पण जिवाला चैन पडेना. नजर सारखी वळणाकडे. तिथे आपली एक काठी पोकळ आहे, आणि ते आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. एका काठीनं बारा घरं उपाशी मरतील!

त्यानं फावडं उचललं. हौशीबाय ओरडली, "आपला बांध सोडून कुटं?"

"आपला धड हाय गो," जोमा म्हणाला. "म्हनून तं जातंय."

कुणी बघू नये म्हणून वाकून, बांधाच्या आडोशानं निघाला. पोचला. बघतो तर पुढे आणखी एकजण वाकलेला! शेजारचा पोशा, मांडीएवढ्या चिखलात.

"तू रं कशाला?"

"आलो सहज."

सहज! उधाणात! तोवर मागून चांगा आला, घमेलं घेऊन. तोही सहजच! मग गोमा, मग हिराजी... मोजा, मंडळी. अकरा घरचे अकरा! प्रत्येकाला वाटलेलं, खोटा मी एकटाच. आणि सगळ्यांच्या शेवटी, धोतर खोचून, कोण आलं? गुरव! बाराव्या घरचा, खोबरं देणारा!

आता कोण कुणाला विचारणार! वेळच नव्हता. बाराही काठ्यांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या. मिळेल तो चिखल, मिळेल ती माती — कुणाची काठी कुठली हे बघायला शुद्ध कुणाला? चोवीस हात, एकच बांध.

आणि बांधापुढे, खाडीच्या अंगाला काय होतं माहीत आहे? तिवरं! आपापल्या वाट्यापुढची खारी झाडं लोकांनी चुलीसाठी केव्हाच तोडली होती. देवाच्या वाट्यावर वर्षानुवर्षं फिरकलंच कोण? तिथे ती डोक्याएवढी झाली. लाट त्यांच्यातून येता येता निम्मी दमत होती. अहो, यांचा आळस यांच्याच कामाला लावला देवानं!

दोन तासांनी ओहोटी लागली. बांध उभा. भात उभं. हौशीबाय बायकांना घेऊन धावत आली. "देव पावला गो, देव पावला!"

जोमा चिखलात बसून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "त्याचं त्याला कंदी पावलं नाय ग. तरी तो पावला."

बारा जण तसेच देवळात गेले. पंजे पुढे धरले. 'तुझं तुला पावलं' म्हणायला कुणाची जीभ वळेना. शेवटी जोमा बोलला — "देवा, वैशाखात दावले ते हात तुजे नव्हते. हे तुजे." गुरवाला खोबरं द्यायचं होतं, पण त्याचेच हात कोपरापर्यंत भरलेले! त्या दिवशी खोबरं कुणालाच मिळालं नाही.

तर मंडळी, देवानं काय करावं, हे त्याला शिकवू नका. तो आपली साथ सोडत नाही. पण म्हणून उद्या बिळं तशीच ठेवाल, तर गोष्ट उलटी ऐकलीत! आता आरती होईल, प्रसादाला हात पुढे कराल. करा. फक्त त्याआधी एकदा पंजे उलटून बघा — चिखल कुठल्या बांधाचा आहे?

बोला, न सोडणाऱ्या बांधेश्वराचा — जयजयकार!