बंद वायरलेस

मुलगी : आई, तू ड्यूटीवर होतीस ती रोपवेची ट्रॉली दरीवर अडकली होती ना, तेव्हा सात जणांपैकी कुणाला खाली ढकलायचं ठरलं होतं?

आई : हे कुणी विचारायला सांगितलं?

मुलगी : वर्गातल्या त्या ढापणीने पैज लावलीय. तुझ्या आईला तोंडावर विचारून दाखव, नाहीतर शनिवारी खेळ चालवणारी गेम मास्टर मी, म्हणाली.

आई : आणि तू निघालीस.

मुलगी : अगं, अख्खा खेळ मी रचलाय. हा बघ नकाशा. लटकलेली ट्रॉली, वादळ, सात खेळाडू. दर फेरीला फासे. आकडा कमी पडला की दोराचा एक पीळ सुटला. चौथ्या फेरीत मतदान, कुणाला टाकून वजन कमी करायचं. जाम टरकणार सगळे.

बाबा : मनगटाएवढा पोलादी दोर असतो तो. सात माणसांनी तुटायला काय कपडे वाळत घालायची दोरी आहे?

मुलगी : बाबा, तुम्ही खालच्या स्टेशनात मोटरवर होतात. वरचं तुम्हाला काय माहीत.

आई : कुणाला ढकलायचं नव्हतं गं. एकाला धरून ठेवायचं होतं.

मुलगी : म्हणजे?

आई : एक दांडगट माणूस होता. म्हणे, दार उघडा, मी दोराला लटकत खांबापर्यंत जातो. किल्ली माझ्याकडे. तो हिसकायला आला तशी मी वायरलेस कानाला दाबला. म्हटलं, थांबा, स्टेशन बोलतंय, वीस मिनिटांत येतायत.

मुलगी : आले?

आई : सहा तासांनी.

मुलगी : मग बाबांनी वीस मिनिटं का सांगितली?

आई : तो नकाशा उचल आधी. ताटं मांडायचीत.

मुलगी : आई, सांग ना.

आई : त्यांनी नाही सांगितलं. वायरलेस पहिल्या तासातच मेला होता. मीच त्या डबड्याशी बोलत होते. हो, ऐकतेय. हो, सगळे ठीक. निघालात ना? सहा जणांच्या तोंडावर धडधडीत खोटं. एकाने जरी म्हटलं असतं, द्या बघू इकडे, तर संपलंच होतं.

मुलगी : आणि हे बाबांनाही माहीत नाही?

आई : कुणालाच नाही.

बाबा : मला आहे.

आई : तुम्हाला कुणी सांगितलं?

बाबा : खाली उतरल्यावर ट्रॉलीतल्या एका काठीवाल्या आजींनी माझे हात धरले. म्हणाल्या, तुमचे निरोप येत होते म्हणून तग धरला. पहिल्या तासानंतर माझ्या एकाही निरोपाला उत्तर आलं नव्हतं. काय समजायचं ते समजलो.

आई : आणि बारा वर्षं गप्प बसलात.

बाबा : तू बोलली नाहीस. मी कशाला खपली काढू?

आई : मला वाटायचं, तुम्ही म्हणाल, ड्यूटीवर असताना थापा मारल्यास.

बाबा : धुक्यात काही दिसत नव्हतं. तुझं उत्तर नाही, म्हणजे वाऱ्याने ट्रॉली दोरावरून निसटली, असंच धरून बसलो होतो. तरी बोलत राहिलो.

आई : काय बोलत होतात?

बाबा : काय असणार. वाऱ्याचा वेग.

मुलगी : सहा तास वाऱ्याचा वेग?

बाबा : तू तुझे फासे गोळा कर.

(फासे एकेक करून डबीत पडतात.)

मुलगी : ऐका, माझं ठरलंय. मतदान रद्द. दोरही तुटणार नाही. फक्त एका खेळाडूला गुपचूप चिठ्ठी : वायरलेस बंद आहे, हे तुलाच माहीत आहे. पुढे त्याने बोलत राहायचं. आणि चिठ्ठी ढापणीला.

आई : झेपेल तिला?

मुलगी : ते ती बघेल. खेळ इथे, याच टेबलावर. आई, तू दारातून डोकावायचं नाही, खुर्ची घेऊन बसायचं. आणि बाबा, तुम्ही त्या दिवशी काय काय बोललात ते शनिवारपर्यंत मला लिहून द्यायचं. शेवटच्या फेरीत वायरलेस सुरू होतो, तेव्हा मी ते वाचणार आहे.