मचाणावरची झोप

कान्हे स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक शहरातली बाई होती आणि तिला सोडायला आलेली गावातली मावशी.

"मावशी, तुमच्या मचाणावर काय झोप लागली! घरी गोळी घेऊनही लागत नाही."

"लागंल की. आता झोपायलाच देतो ते पाव्हण्यांना."

"आधी कशाला होतं?"

"जागायला. भातात रानडुकरं यायची. आमचे मालक रातभर वर बसून पत्र्याचा डबा बडवायचे."

"डोळा नाही लागायचा?"

"एकदाच लागला. सकाळी बघतो तर सगळं खाचर लोळवलेलं. तवापासून त्यांची झोपच गेली."

"आता तरी झोपतात ना?"

"कुटलं! काल तुमी वर झोपला व्हता, तवा हे खाली बसून व्हते. डबा मांडीवर. पण वाजवत न्हाईत आता, पाव्हण्यांची झोप मोडंल म्हणून."