माझ्या डोक्याची बातमी

अहो, पण डोकं माझं आहे ना? माझ्या डोक्याला लागलं की नाही, हे मला नको का कळायला? घसा कोरडा पडला सांगून सांगून, लागलं नाही हो, कुठंही लागलं नाही, हा बघा हात फिरवून दाखवतो, टेंगूळ नाही, खरचटलेलं नाही, होते नव्हते ते केससुद्धा जागच्या जागी आहेत... तर समोरचा माणूस डोक्याकडे बघतच नाही! तापात बडबडणाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "असू द्या नाना, पडून राहा. छापून आलंय."

छापून आलंय! तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, मग अनुमान, मग शब्द म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं... प्रमाणांची ही उतरंड पोरांकडून घोकून घेतली, प्रत्यक्ष सगळ्यांत थोरलं म्हणून टेबलावर हात आपटून सांगितलं. आणि आता म्हातारपणी, धुळ्याच्या देवपुरात स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या डोक्याबद्दल, माझंच प्रत्यक्ष प्रमाण चालेना झालंय! तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस मोर्चात गेलाच कशाला? बरोबर आहे. मीही तेच विचारतो स्वतःला. मला भाजीवालीशी घासाघीस जमत नाही, मी सरकारशी काय करणार होतो?

पण दिवस कसले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. छप्पन साल. भिंतीवर संयुक्त महाराष्ट्र, चहाच्या दुकानात संयुक्त महाराष्ट्र, न्हाव्याकडे दाढीला बसावं तर वस्तरा थांबवून तो संयुक्त महाराष्ट्र. अशात तोताराम आला. हा आमच्या इथल्या समितीचा पुढारी. म्हणाला, "नाना, तुम्ही काही करू नका, नुसते पुढे चाला. तुमच्यासारखा एम. ए. माणूस पुढे दिसला की पोलीस काठी उगारत नाहीत." मी विचारलं, "आणि उगारली तर?" तर म्हणतो, "मग तर फारच चांगलं!" ...आणि मी हो म्हटलं. मला नाही म्हणायला फार वेळ लागतो हो. तोवर माणूस निघून गेलेला असतो.

आता यात बन्सीलाल कुठून आला, ते ऐका. बन्सीलालचं सायकलचं दुकान. पंक्चर काढतो, आणि जळगावच्या एका साप्ताहिकाला धुळ्याच्या बातम्या पाठवतो. त्याची अडचण अशी, की बातमीचं पाकीट दुपारच्या गाडीत पडलं पाहिजे. ती गाडी चाळीसगावला जाणार, तिथून पाकीट जळगावला, की लगेच छापखाना. गाडी चुकली की बातमी गेली पुढच्या आठवड्यात, म्हणजे शिळी. आणि आमच्याकडचे मोर्चे, सभा, सगळं उन्हं उतरल्यावर! मग तो काय करतो? बातमी आधीच लिहून टाकतो! "श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला" हे वाक्य गाडीत बसून चाळीसगावला पोहोचतं, तेव्हा वक्ता इथं घरी दाढी करत असतो! आजवर कुणाची तक्रार नव्हती, कारण टाळ्या मागाहून होतातच.

मोर्चाच्या दिवशी सकाळीच आला. "नाना, पुढे तुम्हीच ना?" म्हटलं, हो. "टोपी घालणार, की बोडके?" म्हटलं, बोडकाच, संध्याकाळी कशाला टोपी? त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या डोक्याकडे असं बघितलं, जसा शिंपी आपल्या खांद्याकडे बघतो... तेव्हाच मला संशय यायला हवा होता! आलाही होता. पण मला प्रत्येक गोष्टीचा येतो, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता खरं काय झालं? देवपुरातून निघालो, पांझरेच्या पुलावर आलो. घोषणा चालल्या होत्या. मीही देत होतो, पण सारखं वाटत होतं, माझी घोषणा इतरांपेक्षा अर्धा शब्द मागं पडतेय. पुलापलीकडे पोलीस. फौजदार पुढं झाला. त्याचा थोरला मुलगा माझ्या हाताखालून गेलेला. म्हणाला, "नाना, चेहरा उतरलाय तुमचा. जरा बसा बरं." आणि मला खरंच भोवळ येत होती हो! त्यानं धरून मला कापसाच्या वखारीच्या ओट्यावर बसवलं, पाणी पाजलं. सरकारशी लढायला निघालेला माणूस सरकारच्याच तांब्यातलं पाणी पीत बसला!

आणि त्या ओट्यावरून मी पाहिलं. अभिमन म्हणून वखारीतला हमाल. त्याचा मोर्चाशी काडीचा संबंध नाही, रुईची गाठ हातगाडीवर घालून येत होता. गर्दीत गाडी अडली, कुणीतरी ढकललं, गाडी गेली पोलिसांच्या अंगावर, आणि जीवराम नावाच्या शिपायानं काठी हाणली. मनगटावर. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला... फौजदार ओरडला, "ए जीवराम!" काठ्या खाली झाल्या, मोर्चा कचेरीवर गेला, निवेदन दिलं, लोक घरी गेले. सबंध मोर्चात काठी चालली ती एकदा, आणि तीही मोर्चात नसलेल्या माणसावर!

दुसऱ्या दिवशी अंक आला. "धुळ्यात अमानुष लाठीहल्ला! वयोवृद्ध प्राध्यापकाचे डोके फुटले! डाव्या कानावर खोल जखम, रक्तबंबाळ अवस्थेतही घोषणा सुरूच!"

मी भाकरी खात होतो. आमच्या प्रमिलाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, अंक वाचला, खाली ठेवला, उठल्या आणि माझ्या डाव्या कानावर बोटं फिरवायला लागल्या. "इथं का हो?" म्हटलं, अगं, काल तुझ्यासमोर घरी आलो, तुझ्यासमोर जेवलो! तर म्हणतात, "तुम्ही कधी खरं सांगितलंय मला? गुडघ्याचं वर्षभर लपवलंतच ना?" झालं, हळदीचं दूध. दुपारपर्यंत ओसरी माणसांनी भरली. जळगावकडचे सोयरे केळीचे घडच्या घड घेऊन आले. मी ओरडतोय, अहो, लागलं नाही! तर ते एकमेकांना सांगतायत, "डोक्याचा मार वाईटच. माणसाला आठवत नाही."

आणि मग, तुम्हाला म्हणून सांगतो, मलाच शंका यायला लागली! भोवळ आली होती हे तर खरं. पण भोवळ का आली? मारल्यामुळं तर नसेल? मला आठवत नाही, यावरून मला लागलं नाही, हे सिद्ध होतं का? नाही होत! होत नाही म्हणून मीच शिकवलंय! चारचौघांच्या देखत मी स्वतःचं डोकं चाचपत बसलो...

बन्सीलालचं दुकान गाठलं. म्हटलं, अरे, खुलासा छाप. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "छापतो ना नाना. पण मग लोक म्हणतील, पेपर खोटा. आणि पेपर एकदा खोटा ठरला, तर उद्या खरीच काठी चालली तेव्हा कोण मानेल?" मी म्हटलं, खरी काठी चाललीच की! अभिमनचा हात मोडला, तो का नाही लिहिलास? तर मान वर न करता म्हणतो, "तो दुपारची गाडी गेल्यावर मोडला, नाना."

इथपर्यंत निदान हसण्यासारखं होतं. पण बातमी गेली वरपर्यंत, आणि वरून चौकशी लागली, की प्राध्यापकांना मारलं कुणी? पोलिसांना एक नाव देणं भाग. त्या बाजूला उभा होता जीवराम. केलं त्याला निलंबित, बसवला घरी.

तो आला माझ्याकडे. अंगावर खाकी नाही, हातात टोपी नाही, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "नाना, मी तुम्हले हात लावा का?" म्हटलं, नाही रे बाबा. "मंग तेवढं सायेबले सांगा. घर लेकरं शेतस." म्हटलं, सांगतो. पण जीवराम, अभिमनच्या हाताचं काय? तो म्हणाला, "तो पेपरमा नही ना, नाना."

तो जातो न जातो तोच अभिमन. हात गळ्यात बांधलेला. "नाना, तुम्हनं डोकं पेपरमा उनं, मना हात नही उना. मुकादम म्हणस, दारू पीसन पडना व्हशी, आते कामवर येऊ नको. तुम्ही देखं ना? मंग सांगा ना!" माझं डोकं छापून आलं, याचा हात नाही, तर हा दारुडा! गळ्यात तुळशीची माळ हो त्याच्या! आणि त्याच्या मागोमाग तोताराम. "नाना, काही झालं तरी लागलं नाही असं म्हणू नका, समितीची लाज जाईल." आणि वर, "ही पट्टी आणलीय, बांधून ठेवा."

पट्टी मी कपाटात फेकली. ठरवलं, खरं सांगायचं. सगळं. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि गेलो.

चौकशीचे साहेब देशावरचे, अत्यंत सभ्य. विचारलं, "तुम्हाला मारलं?" म्हटलं, नाही. "पण छापून आलंय." म्हटलं, साहेब, ते चुकीचं आहे. मला नाही, अभिमन हमालाला मारलं, मी या डोळ्यांनी पाहिलं. साहेब हसले. "म्हणजे ज्याला मारल्याचं सगळा गाव सांगतोय त्याला मारलं नाही, आणि ज्याचं कुणी नावही घेत नाही त्याला मारलं? त्या वेळी तुम्हाला भोवळ आली होती ना?" हो. "मग नाना, ज्याला स्वतःच्या डोक्याचं नीट सांगता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या हाताचं सांगितलेलं मी कसं धरू?"

दारातून अभिमन दिसत होता. माझ्याकडेच बघत होता. आणि माझ्या या न फुटलेल्या डोक्यात चक्र सुरू झालं... माझं बोलणं पेपराशी जुळलं तर मी विश्वासाचा. मी विश्वासाचा, तर माझे डोळे विश्वासाचे. डोळे विश्वासाचे, तर अभिमनचा हात खरा! कुठं चुकतंय? कुठंच नाही! मी म्हटलं, "साहेब, लागलं. डोक्याला. जीवरामनंच मारलं."

जीवराम समोर उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "आता कसं! छापून आलंच होतं." मी घाईघाईनं म्हटलं, आणि त्यानंच या अभिमनच्या मनगटावर... "थांबा," साहेब म्हणाले. "फौजदार म्हणतात, काठी एकदाच चालली. वखारीतले सगळे म्हणतात, एकदाच, कुणावर ते गर्दीत दिसलं नाही. तुम्ही किती वेळा पाहिली?" मी म्हटलं... काय म्हणणार? एकदाच. "मग एकदाच चाललेली काठी तुमच्या डोक्यावर बसली, तर ती याच्या मनगटावर कशी बसेल? नाना, तुम्ही तर तर्कशास्त्राचे!"

कबूल करतो, युक्तिवादात फट नव्हती. जन्मात एकाही विद्यार्थ्यानं मला असं पकडलं नव्हतं!

जीवरामची बढती गेली, बदली झाली पिंपळनेरला. जाताना फाटकाशी उभा राहिला. "नाना, मी मारं हाई खरं शे. पन तुम्हले नही मारं." एवढंच. त्याचं बोलणं किती अचूक होतं! मग अभिमन आला. ओसरीवर बसला. म्हणाला, "मंग नाना, मना हात कोनी मोडा?" मी त्याच्यापुढं केळी सरकवली. दुसरं काय करणार? एका हातानं त्याला केळं सोलता येईना. मी सोलून दिलं.

आता खरं सांगा म्हणता? कुणाला? खोट्या साक्षीबद्दल मी आत जाईन, हात तसाच मोडलेला राहील, आणि विश्वास ठेवणार कोण? आत्ता तुम्ही ऐकताय, तुमच्या तोंडावरही तेच दिसतंय मला, की बिचारे नाना, डोक्याचा मार...

तर आज माझा सत्कार आहे. तोताराम टांगा घेऊन दारात उभा आहे, हाका मारतोय. ही पट्टी पुढून मला गुंडाळता येते हो, पण मागची गाठ काही केल्या मारता येत नाही, आणि प्रमिलाबाईंना सांगावं तर त्या रडायला लागतात. तुमच्यापैकी कुणी जरा मारता का? ...अहो, त्या कानावर नाही, डाव्या. डावीकडे. छापून आलंय.