उघाडीच्या खांबाला घातलेले दोन वेढे

नाव काळुराम नामा मोकल, वय ७२ वर्षे, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा पूर्वी मिठागरावर मजुरी, सध्या घरीच, राहणार तांबडखार, तालुका पेण, जिल्हा रायगड.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, सर्वप्रथम यायला इतका उशीर झाला त्याची माफी असावी. मला आधी दोनदा निरोप आला होता. पहिल्या वेळी ताप आहे म्हणून कळवले. ताप नव्हता. दुसऱ्या वेळी हवालदार दारात आले तेव्हा मी आतल्या खोलीत होतो आणि पत्नीला "ते पेणला गेलेत" असे सांगायला लावले. यात पत्नीची काही चूक नाही. तिच्यावर काही येऊ नये.

मी वरील ठिकाणी पत्नी इंदुबाई हिच्यासह राहतो. आम्हाला एकच मुलगी, तिचे नाव प्रणिता. तिला रोह्याला दिली असून जावयांचे नाव हर्षद शिवा घरत. ते रोह्याजवळ एका कंपनीत ऑपरेटर आहेत व शिफ्टमध्ये काम करतात. ते मला मामा म्हणतात. मी त्यांना हर्षदराव म्हणतो. ते माझ्याशी कधी वावगे बोललेले नाहीत, घटनेच्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

हर्षदरावांना पाण्यावर फळीवर उभे राहून पतंगाच्या ओढीने जाण्याचा नाद आहे. ते गोव्याला जाऊन शिकून आले. त्याचा नेहमीचा पतंग हवा भरलेल्या नळ्यांचा असतो आणि त्याला जोराचा वारा लागतो. आमच्याकडे थंडीत सकाळी वारा मंद असतो. म्हणून त्यांनी कमी वाऱ्यात उडणारा मोठा कापडी पतंग घेतला. त्यात नळ्या नसतात, नुसते कापडाचे कप्पे असतात, तोंडातून वारा आत शिरला की ते उशीसारखे फुगतात. नवा परवडत नाही म्हणून हलक्यातला आणि तोही वापरलेला, त्यांच्याच कंपनीत काम करणारा रितेश भोईर याच्याकडून घेतला. विकताना रितेशने दोऱ्या एकदा तपासून घे असे सांगितले होते. हे हर्षदरावांनीच मला सांगितले आणि त्यांनी माझ्या ओटीवर बसून सगळ्या दोऱ्या बोटांतून काढून तपासल्या, हे मी पाहिले आहे.

तांबडखारला माझी शेती होती. बाहेरचा बांध फुटल्यापासून ती खाडीच्या पाण्याखाली आहे. तिथे गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी असते, खाली चिखल, दगड नाही. त्या जागेकडे आमच्या घरातले कोणी जात नाही. हर्षदरावांनी ती पाहिली आणि म्हणाले, "मामा, तुमची जमीन एक नंबर हाय. माझ्या कामाची एवढी चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नाय." मला बरे वाटले. इतक्या वर्षांत त्या जमिनीला कोणी चांगले म्हटले नव्हते. हे लिहायचे की नाही ते साहेबांनी ठरवावे.

मागच्या रविवारी सकाळी आम्ही दोघे बांधावर गेलो. पतंग बांधावर पसरला. तो उडू नये म्हणून त्याच्या मागच्या कडेवर चिखलाचे गोळे ठेवायचे काम माझे होते. हर्षदरावांनी मला समजावले ते मला शब्दाला शब्द आठवते, कारण मी तेच रात्रंदिवस ऐकत आहे. दोऱ्या बांधलेल्या हातातल्या दांड्यावरची लाल मूठ दाखवून ते म्हणाले, "मामा, तुम्ही बांधावरच थांबा. काय झालं तर मी हे लाल ओढणार. लाल ओढलं की पतंगातला जीव गेला, तो आपोआप खाली पडणार. पाण्यात पडूदे, चिखलात पडूदे. पण दोरीला हात लावायचा नाय. कोणीच नाय." मी व्हय म्हटले.

आमचा शेजारी जनू म्हात्रे हा खेकड्यांच्या फगी म्हणजे पाण्यात लावलेल्या जाळ्या उचलायला तिथे आला होता. तो बघत उभा राहिला. मला म्हणाला, "काळूदा, लोक जावयाला बोलवून पुरणपोळी वाढतात. तू त्याला चिखलात उतरवलास!"

मी म्हटले, "त्यांची हौस हाय."

तो म्हणाला, "हौस हाय तर हाय. पण उडून पलीकडच्या गावात पडला तर पोरीला काय सांगशील? नवरा वाऱ्यावर गेला?" हर्षदरावही हसले.

पतंग चांगला उडाला. अंगाला वारा लागत नव्हता तरी तो वर गेला. हर्षदराव माझ्या शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फळीवर गेले आणि आले. एकदा माझ्यासमोरून जाताना त्यांनी हात वर केला. जनू जेवायला घरी गेला. त्यानंतर जे झाले ते पाहायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

उन्हे वर आल्यावर दर्याकडचा वारा सुटला. तो सुटणार हे मला माहीत होते, मी ते सांगायला हवे होते, पण ते खुशीत होते म्हणून मी बोललो नाही. पतंग एकदम ओढू लागला. हर्षदरावांनी लाल ओढले. लाल ओढल्याबरोबर पतंग खाली पडला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यातली हवा गेली आणि तो ओल्या चादरीसारखा पाण्यावर लोळू लागला. हर्षदरावांनी ओरडून सांगितले, "काय नाय मामा, सगळं बरोबर हाय!" ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि दोरी दांड्यावर गुंडाळत हळूहळू पतंगाकडे येत होते. रितेशने दिलेल्या वस्तूत काही खोट नव्हती.

आमच्या बांधात पाणी सोडायचे दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या फळ्या गेल्या आहेत, दोन्ही बाजूंचे खांब उभे आहेत. ओहोटी लागली होती आणि पाणी उघाडीतून जोराने बाहेर चालले होते. पतंग त्या ओढीला लागला. मला वाटले, आता हा बाहेर खाडीत जाणार, फाटणार, जावयांची वस्तू माझ्या शेतात माझ्या देखत गेली असे होणार. मिठागरावर होडी सुटली की आम्ही पहिली दोरी धरून खांबाला वेढे घालायचो. विचार करायचा नसतो, हात आपले चालतात. मी धावलो, पाण्यात हाताला लागली ती पतंगाची एक दोरी उचलली, उघाडीच्या खांबाला दोन वेढे घातले आणि वर गाठ मारली.

पतंग तिथे अडकला. एका कोपऱ्याने धरल्यामुळे तो वाऱ्यात तिरपा उभा राहिला, त्याची तोंडे उघडली आणि तो पुन्हा फुगला. दांड्यावर गुंडाळलेल्या दोऱ्या एकदम ताठ झाल्या. हर्षदरावांचा उजवा हात त्यात होता. ते ओरडले, "मामा, अडकलाय कुठंतरी! बघा कुठं अडकलाय!" मध्ये पतंग उभा असल्यामुळे त्यांना मी दिसत नव्हतो, खांबही दिसत नव्हता.

मी गाठ सोडू लागलो. ती ताण असेपर्यंत सुटत नाही. अशीच गाठ मारायला मी लहानपणी शिकलो. मी दोन्ही हातांनी, शेवटी दातांनी ओढत होतो. मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. ते ओरडायचे थांबले तेव्हाही गाठ सुटली नव्हती. वारा जरा पडला तेव्हा सुटली.

गाठ सुटल्यावर पतंग आपोआप पडला. खांबावर दोरीचे वेढे अजून होते. कोणी आले असते तर कोणालाही दिसले असते. आधी मी ते काढले आणि दोरी पाण्यात टाकली. मग मी हर्षदरावांकडे गेलो.

त्यांना कसे बाहेर काढले, जनू व इतर लोक कसे आले, पेणच्या दवाखान्यातून पुढे कसे नेले ते जनूने आपल्या जबाबात सांगितलेच असेल. उजव्या हाताचे एक बोट राहिले नाही. दुसऱ्याचे डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. कंपनीत त्यांना व्हॉल्व फिरवायचे काम असते.

दवाखान्यात हर्षदरावांचे मोठे भाऊ विशाल आले. त्यांनी विचारल्यावर हर्षदराव म्हणाले, "मी लाल ओढलं, पण पुरतं काम झालं नसणार. परत कसा फुगला, कळत नाय." विशाल म्हणाले, "भंगार गळ्यात मारलं रे तुझ्या!" आणि त्यांनी रितेशविरुद्ध तक्रार दिली. मी तिथेच बाकावर बसलो होतो.

त्याच संध्याकाळी रितेश दवाखान्यात आला. विशाल त्याला नको ते बोलले. मग रितेश बाहेर जिन्याजवळ मला गाठून म्हणाला, "काका, तुम्ही होता तिथं. एकच सांगा, लाल ओढल्यावर पतंग पडला होता का नाय? मी दोन वर्षं वापरला, दर वेळी पडायचा. नसेल पडला तर माझ्या हातनं पाप झालं, मग काय ती शिक्षा होऊदे."

मी म्हटले, "माझं लक्ष नव्हतं. मला नाय दिसलं."

तो म्हणाला, "मग माझंच चुकलं असणार, काका." आणि त्याने माझ्यासाठी खालून चहा आणून दिला. तो मी प्यालो.

त्यानंतर मला समजले की रितेशला इथे बोलावले आहे, आणि कंपनीतही चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नकोस असे सांगितले आहे. त्याच्या घरी कोण कोण असते ते मी विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आज सकाळी प्रणिता मला न्यायला तांबडखारला आली. मी रितेशविरुद्ध सांगणार असे तिला वाटते. येताना विक्रम रिक्षात ती मला शिकवत होती. म्हणाली, "बाबा, घाबरायचं नाय. लाल ओढलं तरी पतंग पडला नाय, एवढंच सांगायचं. मी बाहेरच बसते. सांगाल ना?"

मी व्हय म्हटले.

ती म्हणाली, "परत सांगा बघू."

मी परत सांगितले. तिने माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावून दिले. ती कालपासून जेवलेली दिसत नाही. बाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेली आहे ती प्रणिता.

पतंग चांगला होता. लाल ओढल्यावर तो पडला होता. तो खांबाला बांधल्यामुळे फुगला आणि बांधला मी. मला दोरीला हात लावू नका असे आधी स्पष्ट सांगितलेले होते. खांबावर दोरी घासल्याची खूण असेल, ती पाहून घ्यावी. रितेश भोईर याचा यात काही दोष नाही आणि माझी त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. माझ्यावर कायद्याने जे होईल ते मला मान्य आहे. ते काय होईल, घर जाईल का, इंदुबाईलाही बोलावतील का, हे मी साहेबांना विचारले. त्यांनी आता ते सांगता येत नाही असे सांगितले.

लिहून झाल्यावर मी विनंती केली की, हे मला एकट्याला वाचून न दाखवता प्रणिताला आत बोलावून तिच्यासमोर मोठ्याने वाचावे, कारण मला ते तिच्याशी तोंडाने बोलता येत नाही. तसे करण्यात आले. आधी मी दोरी काढली आणि मग हर्षदरावांकडे गेलो, इथपर्यंत तिने ऐकले. तिने साहेबांना ते वाक्य परत वाचायला सांगितले. ते परत वाचले. तेव्हा तिने पिशवी माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि ती बाहेर गेली. पुढचे मी एकट्याने ऐकले. सगळे मी बोललो तसेच उतरले आहे, त्यात काही कमी-जास्त नाही, म्हणून खाली सही करतो.

एक विनंती राहिली ती लिहून घ्यावी. आता मला रोह्याहून कोणी काही कळवेल असे वाटत नाही. तरी रितेशला परत कामावर घेतले का, आणि हर्षदरावांचे दुसरे बोट राहते का, हे समजेल तसे कोणाच्याही हाती तांबडखारला लवकर निरोप द्यावा. मी घरीच असतो.

(सही) का. ना. मोकल