उस्मानच्या हातात सुरी

(रोह्याच्या बाजारात इद्रीसचं शिवणाचं दुकान. दुपार. इद्रीस मशीनवर, त्याचा जुना दोस्त गुणाजी बाकावर.)

इद्रीस : नाय म्हणजे नाय. शाल नको, नारळ नको, स्टेजवरची खुर्ची पण नको. शकूला सांग, चाचा आजारी हाय.

गुणाजी : तू आजारी? सकाळपासून मशीन थांबली नाय तुझी. अरे, रविवारी पेणच्या वाचनालयात सत्काराचा कार्यक्रम हाय. पत्रिकेवर नाव छापलंय तुझं. आमच्या कासूवरनं टेम्पो भरून माणसं येणार. विचारतील ना, इद्रीसमास्टर कुठे?

इद्रीस : सांग, मेला.

गुणाजी : काय तोंड हाय रे तुझं! माझ्या पोरीने, शकूने, टिपणीस वकिलावर सिरीयल लिहिली. टिपणीस वकील! ज्याच्या खुनाच्या गोष्टींपायी आपण दोघांनी शाळा बुडवली, मार खाल्ला. नि तू घरात बसणार?

इद्रीस : तो टिपणीस वकील नव्हेच. पुस्तकातला वकील ताकाशिवाय कायपण पीत नव्हता. हा सकाळी दात घासायच्या आधी बाटली उघडतो.

गुणाजी : ते मला पण नाय आवडलं.

इद्रीस : त्याची बायको मारली. पुस्तकात ती दर वेळी 'जेवलात का' विचारून त्याचं डोकं ताळ्यावर आणायची. इथे पयल्याच भागात भिंतीवर, हार घालून. मग हा काळोखात बसून राहतो. मला वाटलं आपल्याकडची लाईट गेली. उठून बटण दाबून बघितलं मी.

गुणाजी : आणि शिव्या! आमची हौसा तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाली. लिहिणारी पोटची पोर, नि आईला ऐकवत नाय.

इद्रीस : नि ती नदी. घटका झाली की वरनं नदी. पुन्हा वरनं नदी. एवढ्या वेळा दाखवली की मला वाटलं, खून नदीनेच केला.

गुणाजी : हा! हसलास बघ. चल मग रविवारी.

इद्रीस : हसलो म्हणजे येतो असं नाय.

गुणाजी : काय माणूस हायस रे. पयल्या पडद्यावर तिने तुझं नाव टाकलंय. 'रोह्याच्या इद्रीसमास्टरांना, ज्यांनी वाचायची गोडी लावली.' माझं टाकलं काय? सख्ख्या बापाचं? मी बोललो काय कायतरी?

शकू : आबा, अजून तेच चाललंय का? बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. सलाम चाचा. उशीर झाला, कोलाडला गाड्या तुंबल्यात.

इद्रीस : ये गो. बस. तो कपडा सरकव तिकडे. बारीक झालीस.

शकू : मला वाटलं तुम्ही फोन कराल. सिरीज येऊन महिना झाला. सगळ्यांचे फोन आले, तुमचाच नाही.

गुणाजी : येत नाय म्हणतोय रविवारी. तूच बघ आता.

शकू : का, चाचा? वकिलांना दारू प्यायला लावली म्हणून? शिव्या द्या, ऐकून घेते. वाचकांच्या ग्रुपवर रोज खाते मी शिव्या. एकाने लिहिलंय, या बाईला टिपणीसांच्या गाडीला बांधून रोह्यापर्यंत ओढत न्या.

इद्रीस : गाडी कोण चालवणार?

शकू : म्हणजे?

इद्रीस : वकिलाची गाडी. कोण चालवायचा?

शकू : उस्मान.

इद्रीस : उस्मान ड्रायव्हर. काय केलंस गो त्याचं?

शकू : अच्छा. म्हणजे हे.

गुणाजी : शेवट ना? शेवट तर मस्त हाय! पुस्तकात बंगल्यातला खून मालकाच्या मेव्हण्याने केलेला. इथे उस्मानने. वकिलाचा स्वतःचा माणूस! मी तर...

इद्रीस : तू गप जरा. मला तिच्याकडनं ऐकायचंय.

शकू : चाचा, मेव्हणा खुनी हे सगळ्यांना पाठ आहे. कंपनीवाले म्हणाले, शेवट बदला, नाहीतर कोण बघणार? मी बसले, डोकं फुटेस्तोवर बसले. मग मला हे दुकान आठवलं. खरंच सांगते. नवीन पुस्तक आलं की तुम्ही शेवटचं प्रकरण कच्च्या टाक्याने शिवून टाकायचात. सगळे इथे बसून वाचायचे. खुनी कोण आणि कशावरून, दोन्ही सांगितल्याशिवाय टाका उसवायचा नाही.

इद्रीस : नुसतं नाव चालायचं नाय.

शकू : नाही चालायचं. आणि तुम्ही म्हणायचात, भारी लेखक तो, जो वाचणाऱ्याला कधीच संशय येणार नाही असा माणूस धरतो. तर मी शोधला. सगळ्या पुस्तकांत असा एकच माणूस निघाला. वकिलांचा डबा आणणारा, गाडी पुसणारा, त्यांच्या बायकोला बहीण मानणारा. वाचकाचा जीव ज्याच्यावर आहे तो.

इद्रीस : म्हणून त्याच्या हातात सुरी दिलीस.

शकू : त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही म्हणून, चाचा! हा त्याचा मानच आहे एका परीने.

इद्रीस : मान?

शकू : चुकीचा शब्द वापरला. पण मी त्याला राक्षस नाही केलं. त्याच्या बहिणीवर काय गुदरलं ते दाखवलंय. अख्खा भाग दिलाय त्याला. शेवटी तो रडतो तेव्हा...

इद्रीस : लोकांनी रडणं नाय बघितलं गो. सुरी बघितली. आमच्या वाजिदने तिकडे दोहाला रूमवरच्या सगळ्या पोरांना गोळा करून बसवलं. अब्बाचं नाव येतंय म्हणून. नाव आलं तेव्हा लगेच फोन. 'अब्बा, टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.' मी इथे मशीनवर बसून रडलो, येडा. दर भागाला फोन यायचा त्याचा. शेवटचा भाग झाला, नि फोन नाय. मीच केला. म्हणतो, 'शिफ्ट होती, नाय बघितलं अजून.' बघितलं होतं त्याने. बापाशी खोटं बोलला, मला वाईट वाटू नये म्हणून.

शकू : माझ्या डोक्यातच आलं नाही, चाचा. हिंदू, मुसलमान, असा विचारच नव्हता माझ्या मनात.

इद्रीस : तुला करावा लागत नाय ना.

गुणाजी : ए इद्रीस, हे काय बोलणं झालं? तुझ्या मांडीवर वाढली ती.

इद्रीस : म्हणून बोलतो. दुसरं कुणी असतं तर मोबाईल बंद करून झोपलो असतो. शकू, तुला सांगतो, ऐक. टीव्हीवर कायतरी फुटलं, कुठेतरी लांब, ज्या गावाचं नाव मला माहीत नाय तिथे, तर दुसऱ्या दिवशी इथे गिऱ्हाईक माप देताना गप असतं. एरवी पोरीच्या लग्नापासून कमरेच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगणारं माणूस. मी हात लावतो नि ते अंग आखडतं. वाईट बोलत नाय कुणी. चांगली माणसं हायत. आखडतं फक्त. टेप धरलेल्या हाताला कळतं ते.

शकू : हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

इद्रीस : काय बोलायचं? मग मी घरी जाऊन पुस्तक काढायचो. खून झाला, दागिने गेले, कुणाकडे पण बोट जायचं. सासऱ्याकडे, भाच्याकडे, मॅनेजरकडे. उस्मान गाडी पुसत उभा. त्याच्याकडे कुणी बघायचं पण नाय. वकील नाय, पोलीस नाय, वाचणारे पण नाय. मला बरं वाटायचं, एवढंच. लिहिणारा बामण होता पुण्याचा, त्याला काय माहीत, रोह्यात एका टेलरला त्याने काय दिलं ते. ते तू काढून घेतलंस. वर माझ्याच नावाने.

शकू : चाचा, मी काय करू सांगा. माफी मागते.

इद्रीस : माफी नको. नाव काढ माझं.

शकू : नाव?

इद्रीस : पयल्या पडद्यावरचं. काढता येत नाय काय?

शकू : येतं. पण विचारतील सगळे, का काढलं म्हणून. पेपरात आलंय ते, मी प्रत्येक मुलाखतीत तुमच्याबद्दल बोलले. चाचा, त्या नावावर तर मी लिहायला बसले होते. ते काढलं तर माझ्याकडे त्यातलं काय उरतं?

इद्रीस : ते तू बघ. सांग त्यांना, मास्टरला शेवट पसंत नाय.

गुणाजी : बास झालं आता! बास! पोर मुंबईवरनं धावत आली नि तू तिला रडवतोस. एका ड्रायव्हरपायी? अरे, गोष्ट हाय ती. खोटी. उस्मान नावाचा माणूस जन्मलाच नाय कधी!

इद्रीस : मग एवढं आयुष्य आपण कुणाबद्दल भांडलो?

गुणाजी : ते वेगळं. नि तिने काय फसवलंय थोडंच? सगळं रीतसर पेरत आणलंय. खुणा ठेवल्यात. बघणाऱ्याला कळतं. मला तर दुसऱ्याच भागात कळलं, उस्मानच हाय म्हणून. हौसाला तिथल्या तिथे सांगितलं. विचार तिला!

शकू : दुसऱ्या भागात?

गुणाजी : व्हय तर! तुझा बाप हाय मी. टिपणीस वकील कोळून प्यायलोय.

शकू : आबा, दुसऱ्या भागात उस्मान फक्त गाडीचं दार उघडतो.

गुणाजी : तेच! तेव्हाच मी म्हटलं.

शकू : काय म्हटलं? तिथे काही नाहीये. दार उघडतो, वकील बसतात, दार लावतो. मी पाचव्या भागापर्यंत एकही खूण ठेवलेली नाही. मुद्दाम नाही ठेवली. चार माणसांनी तपासलंय ते.

गुणाजी : असेल गो कायतरी. त्याचं बघणं. ती दाढी. म्हणजे, त्या नटाने केलंच तसं असेल.

इद्रीस : कशावरून ओळखलंस, गुणाजी?

गुणाजी : असंच. वाटलं.

इद्रीस : असंच?

गुणाजी : आता कसं सांगू? हल्ली असतंच ना तसं. सिनेमात, सिरीयलीत. माणूस आला की आपल्याला अंदाज येतो.

इद्रीस : आपण पुस्तकं वाचायचो तेव्हा कधी आला अंदाज?

गुणाजी : उस्मानचा? छे! कधीच नाय. आईशपथ, कधीच नाय.

इद्रीस : तेव्हा नाय.

गुणाजी : तेव्हा... तेव्हा नाय.

शकू : आबा, तुम्ही पाणी घ्या. चाचा, मी आज संध्याकाळीच फोन लावते. नाव काढायला सांगते. कोण काय विचारतंय ते बघते मी.

इद्रीस : काढ. पण तुझ्यावर राग नाय धरत मी, शकू. तू कुणाच्या मनात येणार नाय असा माणूस शोधायला गेलीस. चूक एवढीच झाली, की तुला वाटलं, उस्मान अजून तसा माणूस हाय.

गुणाजी : इद्रीस.

इद्रीस : उठ आता. कासूची गाडी चुकेल तुझी.

गुणाजी : इद्रीस, ऐक ना. मी तुझ्याबद्दल नाय रे बोललो.

इद्रीस : मी विचारलं नाय, गुणाजी.