वीस पावलं मागे

नाही, पण मला सांगा, एखाद्या माणसाच्या बरोब्बर वीस पावलं मागे चालत राहायचं, हे काय सोपं काम आहे? तेही नव्या सुनेनं, नव्या गावात, आणि चपलाही नव्या!

झालं काय, तुम्हाला सांगते... सासऱ्यांची दृष्टी गेली त्याला चार वर्षं झाली. नाक्यापलीकडचं घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे त्यांचा जीव, पण तिथंही जायचं ते सासूबाईंचा हात धरून. म्हणून ह्यांनी ती बिनतारी बटणं आणली. नाण्याएवढी. भिंतीला, खांबाला चिकटवायची. सासरे जवळ गेले की खिशातला फोन कानात सांगतो, इथं वळा, इथं पायरी. सासूबाई म्हणाल्या, "वायरच नाही, तर बोलतं कशाच्या जोरावर?" पण सूचना कुणाच्या आवाजात भरायच्या म्हटल्यावर पुढे कोण? त्याच! "अहो, पायरी! पायरी म्हटलं ना!" म्हणजे माणूस निघाला एकटा, आणि दर खांबावर बायको! मी आपली गप्प.

वर अट. "एकदा जरी ठेचकाळलात, तर सगळं परत खोक्यात!" सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि मला स्वयंपाकघरात हळूच, "तू मागून जा. तू बोलत नाहीस, त्यांना पत्ता लागायचा नाही."

मी गप्प हो, चपला कुठं गप्प? करर... करर... ते थांबले की मी थांबायची, एक पाय हवेत! इस्त्रीवाला म्हणतो, "काय वहिनी, लपंडाव का?"

चौथ्या दिवशी सासरे कोपऱ्यावर थांबले. मागे न वळताच म्हणाले, "सूनबाई, चपलांना जरा तेल द्या. चार दिवस ऐकतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं! मग अगदी हळू म्हणाले, "आज मला एकट्याला जाऊ द्याल?"

आता आली का पंचाईत? पडले तर बोल मला. पण इतक्या दिवसांत माणसानं पहिल्यांदा काही मागितलं होतं हो... म्हटलं, "जा, बाबा."

गेले! ताठ मानेनं, काठी टकटक करत. मी म्हटलं, आपण तोवर मागच्या गल्लीतून एक फेरी मारावी. तर सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी दारं निळी! अर्ध्या तासानं फोन केला. सासूबाईंना करायची सोय होती का? "बाबा... मी हरवले."

"मी पोचलो बरं का!" हे आधी. मग, "समोर काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय हो, तोच तर घोळ आहे!"

"मग डोळे मिटा. ऐकू काय येतंय?"

"करवत."

"म्हणजे सुताराकडे. दुकानाच्या पाठीलाच आहात की! थांबा, आलो."

आले, आणि घेऊन गेले. दारात सासूबाई, "आणलंस ना गं त्यांना नीट?" सासरे मिशीत हसतायत. मी आपली गप्प.

आता रोज ते दुकानात एकटे जातात, मी कोपऱ्यावरच्या बाकावर, आणि येताना मला घेऊन येतात. परवा चपलांना तेल लावायला घेतलं, तर म्हणाले, "राहू द्या, सूनबाई. तुम्ही मागे आहात की पुन्हा हरवलात, ते मला कळायला नको?"

बोला आता!